पाहुणीला फाटकापर्यंत

मार्सेलबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अशक्त दिसायला सांगत होतं. त्याचा त्यांना इतका संताप आला होता की त्या संतापाने त्या उलट चांगल्या ठणठणीत दिसू लागल्या होत्या.

सांगणारी त्यांची पोटची मुलगी, ओरित. मोदीइनहून रोज फोन करून ती आईची शिकवणी घेत होती.

"इमा, ती बाई येईल त्या दिवशी केस विंचरायचे नाहीत. लिपस्टिक नाही. तो निळा सूट तर अजिबात नाही. घरातला गाऊन घालायचा आणि गप खुर्चीत बसून राहायचं. आंघोळ कोण घालतं विचारलं की सांगायचं, एर्लिंडा. बटणं कोण लावतं? एर्लिंडा. कळलं?"

"म्हणजे मी आईबापांनी शिकवलेलं सगळं सोडून खोटं बोलू?"

"इमा, खरं बोल! खरंच एर्लिंडा घालते ना आंघोळ!"

इथेच तर गाडं अडलं होतं. खोटं बोलायला सांगितलं असतं तर मार्सेलबाईंनी ते झोकात केलं असतं. पाहुण्यासमोर खरं बोलायची मात्र त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. बगदाद सोडून आल्यावर निर्वासित ज्यूंच्या छावणीतल्या तंबूत राहत होते तेव्हासुद्धा कुणी "कसं चाललंय?" विचारलं की त्यांची आई "उत्तम!" म्हणून चहा पुढे करायची. साखर शेजारच्या तंबूतून उसनी आणलेली असायची, आणि बऱ्याचदा पाहुणाही त्याच तंबूतला असायचा.

आताची भानगड अशी होती. मार्सेलबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सरकारने त्यांना घरात राहणारी मदतनीस ठेवायची परवानगी दिली, आणि फिलिपिन्सची एर्लिंडा रामत गनमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात, शिवणयंत्राच्या खोलीत राहायला आली. पुढे हाड जुळलं. हाड जुळलं म्हणजे बाईही जुळली असणार, अशी शंका कचेरीला आली. नागरिकांच्या हाडांवर सरकारचा भारी विश्वास! तेव्हा तपासायला एक बाई येणार होती. तिने 'हिचं हिला जमतं' असं कळवलं की एर्लिंडाची परवानगी संपली, आणि मार्सेलबाईंची रवानगी 'सोनेरी सावली' नावाच्या वृद्धाश्रमात. ओरितने तो बघूनही ठेवला होता. तिथे बाग होती, वाद्यवृंद होता आणि सगळ्यांना एकाच चवीचं सूप होतं. ओरितच्या स्वतःच्या घरात जागा नव्हती. तिथे नवरा, मुलं आणि नवऱ्याची व्यायामाची सायकल अशी सगळी मंडळी आधीच राहत होती. थोरला मुलगा एली टोरांटोत असायचा आणि दर शुक्रवारी फोनवरून आईवर प्रेम करायचा.

मार्सेलबाईंना मरायची भीती नव्हती. आपलं स्वयंपाकघर सोडून जायची होती, आणि ती भयंकर होती. त्या हे कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. एर्लिंडाला मात्र ते कळलं होतं, कारण बाई हल्ली तिला काही कारण नसताना मसाल्याचे डबे उघडायला लावायच्या, एकेक हुंगायच्या आणि परत जागेवर ठेवायला सांगायच्या.

तो दिवस उजाडला. ओरित दवाखान्यातल्या नोकरीवरून सुट्टी काढून आली, दार उघडलं आणि दारातच थबकली.

मार्सेलबाई निळ्या सुटात बसल्या होत्या. गळ्यात मोती, ओठांवर लाल लिपस्टिक, केस फुगवून बसवलेले. टेबलावर समोशासारखे चीजचे सांबूसक, खजुराची बिस्किटं, सोललेली संत्री आणि वेलचीचा चहा प्यायचे छोटे काचेचे पेले. एखाद्या मुलीला बघायला पाहुणे यायचे असावेत असा थाट होता.

"एर्लिंडा!" ओरित किंचाळली. "हे काय केलंस?"

"मी नाही केलं. माझ्या हातांनी ममांनी केलं," एर्लिंडा म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. "पहाटेपासून खुर्चीत बसून सांगतायत. जास्त लाट, कमी लाट, तुमच्या बेटावर खजूर नसतात का."

"अगं, तुझा व्हिसा आहे त्याच्यावर!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणाल्या, लिपस्टिक लाव, नाहीतर आत्ताच निघ. म्हटलं, संध्याकाळी हाकललं तर निदान सांबूसक तरी खाऊन जाईन."

"घरात पाहुणी येणार," मार्सेलबाई म्हणाल्या. "तिला काय मी अंथरुणात पडून भेटू? आजारी असल्यासारखी?"

"इमा, तू आजारी आहेस!"

"ते आपल्या आपल्यात."

तेवढ्यात बेल वाजली. एर्लिंडा खुर्चीमागे गेली, तिने बाईंच्या स्कर्टचा पट्टा धरला आणि वर खेचला, बाईंनी टेबलाची कड धरली, आणि दार उघडेपर्यंत मार्सेलबाई उभ्या होत्या, ताठ, हसतमुख. मागे एर्लिंडा धापा टाकत होती, पण तिच्याकडे कोण बघणार?

आलेली बाई तिशी-पस्तिशीची होती. पाठीला सॅक, हातात टॅब, पायात सपाट बूट. नाव सिवान. तिने चहाला नको म्हटलं. नको म्हटल्यावर तिला दोन पेले प्यावे लागले.

"कपडे तुमचे तुम्ही घालता?" तिने विचारलं.

"नाहीतर काय, शेजारी येऊन घालतात?"

"आणि आंघोळ?"

"रोज करते. काही लोकांसारखं नाही."

"म्हणजे एकट्या करता?"

"अयनी, माझ्या डोळ्या, आंघोळीला काय पाहुणे बोलावू?"

ओरित खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. "इमा, पेसाहच्या सणाआधी बाथरूममध्ये पडली होतीस ना? सांग ना यांना."

"पडले नव्हते. बसले होते. उकडत होतं, फरशी गार होती."

"तासभर?"

"खूप उकडत होतं."

सिवानने काहीतरी टिपलं. "स्वयंपाक कोण करतं?"

"मी. ही बिस्किटं मीच केलीत. आणखी घे."

पीठ माखलेल्या एर्लिंडाला खोकला आला. सिवानने तिच्याकडे पाहिलं, मग बिस्किटाकडे. "मग ही इथे काय करते?"

"ही?" मार्सेलबाईंनी आवाज खाली आणला. "बिचारी एकटी आहे गं. परक्या देशात कोण आहे तिला? मी सांभाळते तिला."

ओरितने दोन्ही हातांनी डोकं धरलं. एर्लिंडा संत्र्याची फोड तोंडात टाकून म्हणाली, "फार चांगलं सांभाळतात. काही कमी पडू देत नाहीत."

मार्सेलबाई एवढ्यावर थांबल्या असत्या तरी कदाचित काही निभावलं असतं. पण सिवानने तिसरं बिस्किट तोंडात घातलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "अगदी माझ्या आजीसारखी चव. तीही बगदादची. खतून. ओर येहूदाला राहायची."

मार्सेलबाईंच्या पाठीचा कणा आणखी ताठ झाला. खतून! छावणीत शेजारच्या तंबूतली खतून. जिच्या साखरेवर यांच्या घरची अब्रू उभी होती, ती खतून! त्यानंतरची सगळी वर्षं प्रार्थनामंदिरात आणि लग्नकार्यात जिच्या तोडीस तोड लिपस्टिक लावण्यात गेली, तिची नात समोर बसून आपल्याला आंघोळ जमते का विचारत होती. आता तर जीव गेला तरी गाऊन घालणं शक्य नव्हतं.

"कशी आहे खतून?"

"ओल्ड एज होममध्ये आहे. नेतान्याला. खिडकीतून समुद्र दिसतो."

"अरेरे," मार्सेलबाई म्हणाल्या. वाईट त्यांना वाटलं, अगदी मनापासून. पण त्याच्या आधी थोडं बरंही वाटून गेलं होतं. "मला बाई असलं काही लागत नाही. मी अजून धडधाकट आहे."

"दिसतंच आहे," सिवान म्हणाली आणि टॅब मिटला.

ती निघाली तशी मार्सेलबाईंनी हात पुढे केला. एर्लिंडा पेले उचलायच्या निमित्ताने आलीच होती. तिच्या हाताला धरून बाई उठल्या.

"इमा, दारापर्यंत पुरे," ओरित रडकुंडीला आली होती.

"दारापर्यंत पोस्टमनला सोडतात. पाहुणीला फाटकापर्यंत सोडायचं असतं."

त्या निघाल्या. एक हात कठड्यावर, दुसरा एर्लिंडाच्या दंडावर. दम लागलेला ऐकू जाऊ नये म्हणून त्या सारख्या बोलत होत्या: खतूनचं लग्न, खतूनचा नवरा, खतूनच्या नवऱ्याचं नाक. जिना संपला तेव्हा नाकाची गोष्टही संपली. ओरित खाली आलीच नाही. ती वर गॅलरीत उभी राहून टोरांटोला फोन लावत होती, म्हणजे काही करता न येणाऱ्यांत आणखी एका माणसाची भर पडावी.

फाटकाशी मार्सेलबाईंनी सिवानचे दोन्ही गाल चुंबले, आजीला आणि आईला निरोप दिले, आणि फाटकाचा गज धरून हात हलवू लागल्या. पाहुणा कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाठ फिरवायची नाही, हीही रीत होती. सिवान समोरच्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसली.

गाडी सुरू झाली नाही.

सिवानने सॅकमध्ये काहीतरी शोधलं. बाटली काढून पाणी प्यायली. आरसा नीट केला, पुन्हा नीट केला. गरम हमसीन वारा सुटला होता आणि मार्सेलबाईंची लिपस्टिक ओघळायला लागली होती. त्यांनी हात हलवणं चालू ठेवलं.

"हिला गाडी चालवता येते ना?" त्या हसऱ्या तोंडानेच पुटपुटल्या.

"ममा, तुमचे पाय थरथरतायत. बसा त्या कट्ट्यावर."

"पाहुणी अजून आहे."

"पाहुणी बसलीय. तुम्ही उभ्या आहात."

समोरच्या गॅलरीत शेजारच्या झिल्काबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकू लागल्या. मार्सेलबाईंनी वर जिन्याकडे पाहिलं. खाली यायला जे जमलं होतं ते वर जायला जमणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरकडून आल्यावर एर्लिंडा त्यांना पाठीवर घेऊन चढायची. पण ते दुपारच्या वेळी, सगळी इमारत दारं लावून झोपलेली असताना. आजवर ते कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी तिथेच होती.

आता त्यांना खरीच भीती वाटली. वर घर होतं, त्यांचे डबे होते. ही गाडी गेली की 'धडधाकट' हा शब्द घेऊन जाईल, आणि मग महिन्याभरात हा थरथरणारा पाय, ओघळलेली लिपस्टिक आणि आपण, तिघंही 'सोनेरी सावली'च्या बागेत वाद्यवृंद ऐकत बसू. एर्लिंडा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी दुसऱ्या कुणाच्या तरी शिव्या खात असेल. मार्सेलबाईंना त्या दुसऱ्या बाईचा आत्ताच राग आला.

हलवायचा हात त्यांनी खाली घेतला.

"वाक," त्या म्हणाल्या.

"इथे? झिल्काबाई बघतायत."

"बघू दे. तिला नाहीतरी टॉवेल वाळत घालता येत नाही. वाक म्हणते ना."

एर्लिंडा वाकली. मार्सेलबाईंनी तिच्या गळ्यात हात टाकले, आणि निळा सूट, मोती, फुगवलेले केस, सगळी वरात तिच्या पाठीवर चढली. एक बूट निसटून फाटकाबाहेर पडला. झिल्काबाईंचा टॉवेल खाली गेला.

गाडीचं दार उघडलं. सिवान आली, बूट उचलला, धूळ पुसली आणि खाली बसून तो मार्सेलबाईंच्या पायात घालू लागली. घालताना वर न बघता बोलली.

"खतूनआजीनेही असंच केलं होतं. बिस्किटं, मोती, सगळं. तीसुद्धा तपासायला आलेल्या बाईला सोडायला फाटकापर्यंत गेली होती." बूट पायात बसला. "त्या बाईला घाई होती. तिची गाडी लगेच सुरू झाली."

एर्लिंडाच्या पाठीवरून मार्सेलबाईंनी पोरीच्या डोक्याकडे पाहिलं. खतूनसारखेच दाट केस होते. त्यांना रडू आलं, आणि या वेळी ते लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"खतून जेवते का तिथे?"

"फारसं नाही."

"वर चल. उरलेली बिस्किटं बांधून देते. सांग तिला, मार्सेलने केलीत."

"मी केलीत," ओझ्याखाली वाकलेली एर्लिंडा म्हणाली.

मार्सेलबाईंनी पाहुणीकडे पाहिलं, मग समोर गॅलरीत तोंड उघडं टाकून उभ्या झिल्काबाईंकडे.

"हो, हिने केलीत," त्या म्हणाल्या, जरा मोठ्यानेच. "आंघोळ हीच घालते. बटणं हीच लावते. लिही."