चौथ्या दिवसाचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, शांताबाईंच्या खोलीत राहतो. मित्रांनो, भांडं बोलू लागलं की तुम्हाला वाटतं, आता हे आपल्या चकाकीचं कौतुक सांगणार. सांगेनही थोडं, कारण मला कौतुक आवडतं. पण माझ्या बुडाला एक मोठा पोचा आहे, आणि खरी गोष्ट त्या पोच्याची आहे.

एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. अंगभर हातोडा बसला तरी मी चिरलो नाही, म्हणून मला वाटायचं की सोसणं सोसणं म्हणतात ते एवढंच. शांताबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला दिलं. त्यांचे यजमान कुशाबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. चाळीचा नळ खाली चौकात होता आणि पाणी दुपारी चारला यायचं. भरलेला मी चांगला वीस किलोंचा. शांताबाई मला कमरेवर घेऊन तीन जिने अशा चढायच्या की पाण्याचा थेंब सांडत नसे. चिंचेने घासून मला दारात पालथा घातला की येणारी-जाणारी बाई थबकून बघायची. मी थोडा शेफारलोच होतो.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले. मार्चपर्यंत कुशाबा गावी कोकणात निघून गेले, शेतीला हात लावायला. मागे शांताबाई आणि दोन पोरं. तिसरं झालं तर त्याला खायला काय घालणार, म्हणून शांताबाईंनी पाळणा थांबवण्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्याला सगळ्या बायका ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणायच्या. बेंबीपाशी एखादा टाका, आणि त्याच दिवशी घरी. चौथ्या दिवशी घरात पाणी नव्हतं. शांताबाई उठल्या, मला घेऊन खाली गेल्या आणि भरून वर आणलं.

चाळभर बोभाटा झाला. ‘शांतावयनीने चौथ्या दिवशी हंडा उचलला!’ संपाच्या त्या पडलेल्या दिवसांत लोकांना मान ताठ करायला काहीतरी हवंच होतं. त्यांना शांताबाई मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही मिरवलो.

पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काय झालं ते फक्त मला माहीत होतं. तिथे त्यांनी मला खाली ठेवलं आणि त्या पायरीवर बसल्या. टाका सुटला होता. लुगड्याच्या निऱ्या रक्ताने भिजल्या होत्या. त्यांनी पदर खोचून ते झाकलं, तोंड पुसलं आणि मला परत उचललं. पाचव्या दिवसापासून आठवडाभर त्यांनी दार लावून घेतलं. विचारलं की आतून म्हणायच्या, "ताप आलाय जरा."

शेजारच्या खोलीत रखमा राहायची. चोवीस-पंचविसाची असेल, हसली की हात तोंडावर धरायची. तिची हंडा-कळशी संपात मोडीत गेली होती. मे महिन्यात तिची गर्भपिशवी काढावी लागली. तेव्हा पोट चिरूनच काढत. नवव्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"वयनी, आज कोण नाय गो पाणी आणायला. दोन कळश्या आणून देशील?"

शांताबाईंची जखम अजून भरली नव्हती, त्या स्वतःच वाकून चालत होत्या. तसं सांगितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. त्या म्हणाल्या, "माझा हंडा घेऊन जा. मी चौथ्या दिवशी उचलला. तुला तर नऊ दिवस झाले, काय होतंय?"

रखमाने मला नेलं. खाली भरलं. कमरेवर घेताना ती "आई गं" म्हणाली, एवढंच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, नेमक्या त्याच पायरीवर, तिचे गुडघे मोडले. मी सुटलो आणि घरंगळत खाली आदळलो. पोचा तेव्हाचा. रखमाला चौघांनी उचलून इस्पितळात नेलं. आतले टाके तुटले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, तांबट हातोडा मारतो तेव्हा भांडं वाजतं. त्या दिवसापासून मी नीट वाजलो नाही.

पोरं म्हणू लागली की चार वाजता त्या वळणावर रखमा बसलेली असते. मी रोज तिथून जायचो, मला ती कधी दिसली नाही. पण तिथे आलं की शांताबाई भिंतीला अंग घासून कडेने चढायच्या, कुणी बसलेल्याला पाय लागू नये तसं. आणि ओठातल्या ओठात म्हणायच्या, "सरक गो." वर्षानुवर्षं, रोज दुपारी. माझ्यातलं पाणी तेव्हा गार पडायचं.

पुढे चाळीला पंप लागला, पाणी तिसऱ्या मजल्यावर आलं, प्लास्टिकची पिंपं आली. मला माळ्यावर टाकलं. माझ्यात जुने पडदे कोंबले. मी काळा पडलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुशाबा वारले. मुलगा जयवंत दादरच्या कुरिअर कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं, मालन सून म्हणून आली. चौथ्या दिवसाची गोष्ट मात्र माळ्यावर गेली नाही. लग्नात, बारशात, गणपतीत कुणीतरी ती काढायचंच. शांताबाई मान खाली घालून हसायच्या. लोकांना वाटे, लाजतात.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात मालनची गर्भपिशवी काढली. गाठी झाल्या होत्या, अंगावर फार जायचं. आता पोट चिरत नाहीत. दुर्बिणीने केलं, तीन-चार बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सहा आठवडे वजन उचलायचं नाही. भरलेली कळशीसुद्धा नाही. बाहेर टाके दिसत नाहीत, पण आत आहेत."

जयवंतच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. दुर्बीण.

"दुर्बिणीचं आहे गं," तो बायकोला म्हणाला. तो वाईट नव्हता, त्याला धीरच द्यायचा होता. "आई तर चौथ्या दिवशी हंडा घेऊन तीन जिने चढली होती."

मालन गाऊन घालून कॉटवर पडून असायची. पोट फुगलेलं, खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. खांदा ठणकायचा. पोटात भरलेल्या हवेमुळे तसं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा म्हणून शेजारीपाजारी हसायचे. दोन घास खाल्ले तरी ती दमायची आणि दमल्याची तिला लाज वाटायची.

तेवढ्यात चाळीचा पंप जळला. पाणी पुन्हा खाली चौकात, पुन्हा दुपारी चारला. जयवंत माळ्यावर चढला, माझ्यातले पडदे बाहेर ओढले आणि म्हणाला, "आईचा हंडा! बघ, अजून धडधाकट आहे." मी धडधाकट नव्हतो. मी भ्यायलो होतो.

चार दिवस शेजारच्या सुभद्राने पाणी आणून दिलं. पाचव्या दिवशी हसत म्हणाली, "मालन, टाके तरी दाखव गं. दुर्बिणीचंच ना तुझं?" मस्करीच होती. पण मालनच्या जिव्हारी लागली.

ऑपरेशनच्या बाराव्या दिवशी जयवंत कामावर होता. शांताबाईंचे गुडघे गेलेले, त्या खिडकीशी डोळा लागून बसल्या होत्या. मालन उठली. एक हात पोटावर ठेवून दुसऱ्याने मला उचललं. मी रिकामा होतो तरी तिने श्वास रोखला. मित्रांनो, मला तोंड केवढं मोठं आहे, पण ओरडता येत नाही.

नळाखाली ती मला भरू लागली. मी गळका असतो तर किती बरं झालं असतं! तिने मला कमरेवर घेतलं. दोन जिने चढून वळणापाशी आली. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं.

वरून शांताबाईंचा आवाज आला, त्यांना जाग आली होती. "मालन! ठेव तो. खाली ठेव आधी!"

त्या कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचल्या. कडेने गेल्या नाहीत. सरळ त्या पायरीवर बसल्या.

"ठेवते आई, अजून एकच जिना," मालन म्हणाली. "तुम्ही नाही का चौथ्या दिवशी..."

"खोटं आहे ते!" शांताबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की दारं उघडली. "इथं बसले होते मी. इथंच. रक्तानं लुगडं भिजलं होतं, टाका सुटला होता. आठ दिवस पडून होते आणि ताप आला म्हणून सांगितलं. आणि रखमा पाणी मागायला आली तर तिला हंडा दिला. म्हटलं, तुला काय होतंय. मी मारली तिला, मालन. सगळे म्हणतात रखमा इथं बसते. बसेल नाय तर काय? मी खरं बोलायची वाट बघते ती."

मालनने मला हळूच पायरीवर टेकवलं. शांताबाईंनी दोन्ही हातांनी मला धरून आडवा केला. सगळं पाणी जिन्यावरून धावत खाली गेलं. ज्या चाळीत घागरीसाठी भांडणं व्हायची, तिथे लोकांनी हंडाभर पाणी वाहून जाऊ दिलं. सुभद्राने तोंडाला पदर लावला. मग ती खाली आली, मालनला धरून वर घेऊन गेली.

संध्याकाळी जयवंतला सगळं कळलं. दुसऱ्या दिवसापासून पंप दुरुस्त होईपर्यंत त्याने अर्धी रजा टाकली आणि चारला पाणी तोच भरू लागला. मालनने सहा आठवडे पुरे केले. सातव्या आठवड्यात ती करी रोडच्या पुलापर्यंत चालत जाऊन आली.

शांताबाई आता ‘सरक गो’ म्हणत नाहीत. पण त्यामुळे रखमा परत आली असं नाही, मित्रांनो. मी आता पुन्हा दारात पालथा असतो, आणि चार वाजले की माझं बूड आपोआप गार होतं.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ऑपरेशन होऊन आलं तर टाके मोजू नका. आणि तुमची आजी चौथ्या दिवशी उठून कामाला लागली होती, असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. तिला एकटीला गाठा, जवळ बसा आणि विचारा, "आजी, पाचव्या दिवशी काय झालं होतं?"