फोटोत नसलेल्या मॅडम

मी सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, बारा हात लांब, आठ हात रुंद. बोलतेय म्हणजे आपलं मनातल्या मनात. वेळेवर मोठ्यानं बोलता आलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

माझा जन्म एका तुरुंगातल्या मागावरचा. विणणारा जन्मठेपेचा कैदी होता, पण वीण घट्ट घालायचा. पुढं भिंगारच्या बाजारात छबूबाईंनी मला घेतलं. त्यांच्या घरी वीस वर्षं मी बारशी, साखरपुडे, जागरण-गोंधळ यांत सुखात काढली. कार्य उरकलं की झटकायचं, ऊन दाखवायचं आणि घडी घालून पेटीवर ठेवायचं.

छबूबाईंची लेक राजेश्वरी तीन कॉलेजांत मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितकाच पगार, आणि उन्हाळ्यात घरी बसा. चौदा वर्षं झाली याला. अशाच प्राध्यापकांनी नगरात संघर्ष समिती काढली आणि 'आम्हाला कायम करा' म्हणत कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरायचं ठरवलं. "शिकल्याली मानसं फरशीवर बसत्यात व्हय? ही ने," छबूबाई म्हणाल्या. झालं, मी चळवळीत आले.

घरची माणसं माझ्यावर बसून जेवायची, गप्पा हाणायची. ही माणसं आधी मुद्दे मांडायची, मग उपमुद्दे. चहा दुधाचा की कोरा, यावरही एकदा मतदान झालं. हसून हसून माझी पुरेवाट. पण माणसं चांगली वाटायची, खोटं कशाला बोलू?

अध्यक्ष काकासाहेब सर. वर्गात हजेरी घ्यायची त्यांची सवय काही सुटेना. त्यांनी नियम काढला: रोज धरण्याचा एक फोटो काढायचा, फोटोत दिसेल तो हजर. लागोपाठ पाच फोटोंत नसेल त्याचं सभासदत्व रद्द. सगळ्यांनी हात वर केले. मोजायला मात्र बरेच दिवस कुणी बसलं नाही.

फोटो राजेश्वरी काढायची. तिचा मोबाईल बरा होता, आणि मागच्या रांगेतल्यांचेही चेहरे दिसले पाहिजेत हा तिचा हट्ट. माझा उजवा कोपरा ही तिची जागा. तिथून उठायची, समोर जाऊन फोटो काढायची, परत येऊन बसायची. असे सत्तावीस दिवस. तिचं वजन मला पाठ झालं होतं.

पहिलं भांडण अंगद सरांवरून झालं. समितीला न विचारता त्यांनी पेपरवाल्याला मुलाखत दिली. काकासाहेबांनी हकालपट्टीचा ठराव आणला. "आधी त्यांचं म्हणणं तरी ऐकून घ्या," एकटी राजेश्वरी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. अंगद सर चपला घालून निघून गेले. काकासाहेबांनी त्या दिवसापासून राजेश्वरीशी बोलणं कमी केलं.

तेवढ्यात मुंबईहून, मंत्रालयातून निरोप आला. दहा वर्षांहून जास्त तासिकेवर असलेल्या सभासदांची यादी समितीनं द्यावी, त्यांना कायम करण्याचा आधी विचार होईल. काकासाहेबांनी सगळे फोटो पुढ्यात घेतले आणि म्हणाले, "राजेश्वरी मॅडम एकाही फोटोत नाहीत."

मला वाटलं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही.

"सर, फोटो मीच काढलेत," राजेश्वरी म्हणाली.

"असतील. पण नियमात काढणाऱ्याचा उल्लेख नाही. एक अपवाद केला, तर उद्या अंगद सरही दारात उभे राहतील."

ती सुकन्या मॅडमकडे वळली. दोघी रोज एका डब्यात जेवायच्या, त्यांच्या ठेच्याचा डाग अजून माझ्या अंगावर आहे. "सुकन्या, तू सांग. मी रोज होते की नाही?"

सुकन्याची अकरा वर्षं भरली होती. तिचं नाव यादीत होतं. माझा एक सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत राहिली. "तारखेनिशी नाही गं सांगता यायचं मला," ती म्हणाली.

एकवीस माणसं होती. सत्तावीस दिवस राजेश्वरीकडे बघून केस सारखे करणारी, ओठांवर हसू आणणारी. काकासाहेबांनी तिचं सभासदत्व रद्द करायचा ठराव मताला टाकला, आणि एकेकाचा हात वर गेला. सुकन्याचा सगळ्यांत शेवटी, कोपरातून वाकलेला, पण गेला. मी खाली पडून बघत होते. काय करणार होते मी? सतरंजीची साक्ष कोण मानतं? जीव नुसता तळमळला. वाटलं, या सगळ्यांच्या खालून सर्रकन निघून जावं. तेही जमलं नाही.

राजेश्वरीनं पाण्याची बाटली पिशवीत टाकली. तोच मागच्या रांगेतून बजरंग सरांनी काळजीनं विचारलं, "मॅडम, सतरंजी तुमची ना? नेणार का?"

"नाही. उठू नका, बसा," ती म्हणाली आणि रिक्षा थांब्याकडे चालू लागली.

यादी सोमवारी गेली. त्यात नऊ नावं आहेत. मी अजून कचेरीसमोरच आहे, कडा उसवल्यात, झटकायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. उजव्या कोपऱ्यावर आता चपला असतात. त्याचं मला काही नाही. फक्त मुंबईत ज्यांच्या टेबलावर ती यादी असेल, त्यांच्यापर्यंत कुणीतरी एवढं पोचवा: एक नाव कमी आहे. त्या बाई रोज आल्या होत्या. मी त्यांच्या खाली होते.