मनोकामना प्रलंबित असलेले नऊ उंदीर

सौसरच्या नऊ पांढऱ्या उंदरांना घरं मिळाली. नऊच्या नऊ.

आता हे विसरा. मी असं काही बोललोच नाही. गणेश मंडळाच्या कागदावर उंदीर अकरा आहेत, अकराही गोदामात कुलपाच्या आत आहेत आणि सर्वांची प्रकृती उत्तम आहे. कागदावरचा उंदीर मरत नाही, त्याला तहानही लागत नाही. ज्याला जमेल त्यानं कागदावरचाच उंदीर व्हावं.

खऱ्या उंदरांचं वेगळं झालं. माझी ताई प्रज्ञा मध्य प्रदेशातल्या सौसरला नर्स आहे आणि भैय्याजींच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहते. भैय्याजींकडं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मंडळाचं अध्यक्षपद आहे, दोन्ही वडिलांकडून आलेलं. यंदा त्यांना वाटलं, मातीचा मूषक तर सगळेच ठेवतात, आपण जिवंत ठेवू. नागपूरहून अकरा पाळीव उंदीर आले, काचेची पेटी आली. मूषकाच्या कानात मागणं सांगितलं की ते गणपतीपर्यंत पोहोचतं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण खरा उंदीर कान धरू देत नाही, हे पेटी आल्यावर कळलं. मग भैय्याजींनी दुकानातला पाण्याचा पाइप कापून पेटीला बसवला. लोक रांगेनं यायचे, पाइपला तोंड लावून बोलायचे आणि आवाज मागं फिरू नये म्हणून लगेच तळहातानं पाइप झाकायचे. नोकरी, लग्न, बदली, शेजाऱ्याची भिंत. दहा दिवस अकरा उंदरांनी अख्खा तालुका ऐकून घेतला. मध्ये मध्ये पाइपातून बुंदीही यायची.

मग विसर्जन झालं. गणपती गेले, डीजे गेला, उंदीर राहिले.

सव्वीस दिवसांनी ताईचा फोन आला. "नितीन, मंडळाच्या गोदामातून वास येऊन राहिला. आणि आत कोणीतरी खोकलून राहिलं."

पांढुर्ण्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शटर ओढलं आणि बस धरली.

गोदामाच्या खिडकीतून पेटी दिसत होती. ढोलांच्या मागं, ताडपत्रीखाली अर्धी. पाण्याची बाटली उलटी टांगलेली, कोरडी. तळाला बुरशी धरलेले लाडू. नऊ उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते, दोन दुसऱ्या कोपऱ्यात पडले होते आणि त्यांच्यावर कोणी चढलं नव्हतं. नर-माद्या एकत्रच ठेवलेल्या, म्हणजे पिल्लंही झाली असणार. पिल्लं कुठं दिसली नाहीत. पेटीत खायला दुसरं काही नव्हतं, एवढंच सांगतो.

मी दुकानात गेलो. भैय्याजी खिळे तोलत होते.

"भैय्याजी, उंदीर मरून राहिले."

"कोणते उंदीर?"

"तुमचे."

"मंडळाचे," ते म्हणाले. "अन् उंदीर नको म्हणू. मूषक महाराज आहेत थे."

"मूषक महाराजाले पाणी नाई."

"टाकतो न पाणी."

"कधी?"

"आठवण आली की."

"डोळे पाहा त्याइचे. लाल पाणी येऊन राहिलं."

"कुंकू आहे थे. बायाइनं वाह्यलं."

"कुंकू नाकातून येते का?"

भैय्याजींनी एक खिळा काढून परत टाकला. काटा जागचा हलला नाही. मी म्हटलं, मला द्या, मी औषधपाणी करतो, घरं पाहतो.

"देता येत नाई. लोकाइच्या मनोकामना आहेत त्याच्यात. पूर्ण व्हायच्या आधी मूषक बाहेर गेला, अन् कोणाचं काम अडलं, तर जबाबदार कोण? तू?"

"कोणाची कामना कोणत्या उंदरात आहे?"

"थेच तर. पाइप एक, मूषक अकरा. कोणी काय ऐकलं, कसं सांगावं? म्हणून सगळेच ठेवा लागते." मग जरा थांबून म्हणाले, "तुले काय समजते म्हणा याच्यातलं. तुमच्यात तर गणपती मानत नाई."

"मी उंदीर मानतो."

पाळीव उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. आपल्याकडं भरतीची एक परीक्षा त्याच्यापेक्षा जास्त जगते. म्हणजे कामना पूर्ण होईपर्यंत थांबायचं तर या नऊ जणांना जन्मठेपच होती, आणि तीही बिनपाण्याची. माझं डोकं तापलं. पण तापलेल्या डोक्यानं भैय्याजींशी बोलून उपयोग नसतो. ते कूलरही विकतात.

म्हणून मी त्यांच्याच बाजूनं बोललो. म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. कामना पूर्ण झालीच पाहिजे. पण मूषक भुकेला असंल तर गणपतीपर्यंत जाईल कसा? आतापर्यंत कोणाचं एक तरी काम झालं का?"

भैय्याजींचा तराजूवरचा हात थांबला. झालं नव्हतं.

"ज्याची कामना आहे त्यानंच घरी नेऊन सेवा करावी. मूषक मंडळाचेच राहतील, सेवा भक्ताची."

ते भैय्याजींना पटलं, कारण त्यात त्यांना काही करायचं नव्हतं. मी त्याच दुपारी भैय्याजींच्याच फोनवरून मंडळाच्या ग्रुपवर सूचना टाकली. अटी माझ्या: निदान दोन एकत्र, नर वेगळे, मादी वेगळी. रोज ताजं पाणी. लाडू बंद. पाणी चुकलं तर कामना उलटी लागते. ही शेवटची अट मी शास्त्रातून आणली नाही, पण पेटीकडं पाहिल्यावर ती शास्त्रात असायला हवी होती असं मला वाटलं.

नऊही उंदीर आधी जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या फॉर्मात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी होती. डॉक्टरांनी 'इतर' वर खूण केली आणि डोळ्यांतल्या लाल पाण्यावर औषध दिलं. कुंकू पाच दिवसांत गेलं.

नेणारे सूचनेच्या दिवसापासूनच भांडत होते. अभिजीत पाच वर्षांपासून पटवारी भरतीची तयारी करतोय, त्यानं दोन नर नेले. पुंडलिकराव रिटायर आहेत, त्यांची कामना सांगण्यासारखी नाही असं ते सगळ्यांना सांगतात. त्यांनी दोन माद्या नेल्या. सौसरच्या शाळेतल्या वंदना मॅडमनी दोन माद्या नेल्या. त्यांचे मिस्टर छिंदवाड्याला, त्या इथं, सहा वर्षं बदलीचा अर्ज. उरलेले तीन नर मी नेले. माझी काही कामना नव्हती. उंदीर अकराच्या अकरा बाहेर यावेत अशी होती, ती दोननं चुकली.

सगळ्यांत चांगलं वंदना मॅडमनी ठेवलं, हे मला मान्य करावं लागतं. जाळीचा दोन मजली पिंजरा केला. काकडी, भिजवलेले चणे, जुन्या साडीचा झोका. मी महिन्याभरानं गेलो तर मॅडम वह्या तपासत होत्या, एक उंदरीण खांद्यावर बसून लाल पेन चाटत होती, दुसरी पदरात झोपलेली. खोकला गेला होता. केस असे चमकत होते की मला ओळखू आल्या नाहीत.

"ही हाताले भिते अजून," मॅडम म्हणाल्या. "पण माह्या हाताले नाई भित."

गेल्या सोमवारी मॅडमची बदली झाली. छिंदवाडा, मागितलेली शाळा. आदेश दुपारी आला. संध्याकाळी मॅडम पिंजरा घेऊन ताईच्या दारात उभ्या. मीही होतो.

"घ्या भाऊ. झालं काम."

"सोबत नाई नेत, मॅडम?"

"आता काहून?"

मी पिंजऱ्याचं दार उघडं धरलं. खांद्यावर बसणारी मॅडमच्या बाहीला धरून होती. मॅडमनी एकेक नख सोडवून तिला आत ठेवलं, फार हळू, दुखू नये म्हणून. तेवढंच हळू घरी ठेवता आलं असतं.

"त्याइले काय सांगू?" मी विचारलं.

"त्याइनं त्याइचं केलं न," मॅडम म्हणाल्या, आणि ऑटोत बसल्या.

ताईच्या खोलीचे मालक भैय्याजी, तिथं ठेवता येत नाही. माझ्याकडं तीन नर. त्यांच्यात या दोन माद्या सोडल्या तर उन्हाळ्यापर्यंत मला दुकान विकून गोदाम घ्यावं लागेल. पुंडलिकरावांना विचारलं तर म्हणाले, यांची कामना संपली, रिकामा मूषक मी काय करू.

एकटे भैय्याजी खूश होते. "पाह्यलं? पावले का नाई? या दोघी आता सिद्ध मूषक. पुढच्या वर्षी पाइपासमोर याच दोघी. तोवर आण गोदामात."

"पुढच्या वर्षाले दहा महिने आहेत, भैय्याजी."

"मंग? कुलूप आहे न."

शनिवारी त्यांचा माणूस माझ्या दुकानातून पिंजरा न्यायला येणार आहे. मागणी मंडळाची आहे आणि कागदावर उंदीर मंडळाचे आहेत. म्हणून मीही कागदावरच उत्तर दिलं. दुसऱ्यांचे अर्ज लिहून माझं पोट भरतं. हा पहिला मी स्वतःचा लिहिला. इथं अर्ज हिंदीत द्यावा लागतो, पण राग मराठीत आला होता.

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण अधिकारी, पांढुर्णा

विषय: शिक्षिकेच्या बदली आदेशात दोन उंदरिणींचा समावेश करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन आहे की, श्रीमती वंदना यांची बदली ज्या दोन मूषकांच्या सेवेमुळे झाली असे गावात मानले जाते, त्या दोघी सदर आदेशात वगळल्या गेल्या आहेत. त्या श्रीमती वंदना यांच्यावर पूर्णतः अवलंबून असून त्यांना अन्य कोणाच्या हाताची सवय नाही. तरी सदर आदेशात तातडीने दुरुस्ती करून दोघींचीही बदली त्याच दिनांकापासून छिंदवाडा येथे, त्याच घरी, त्याच खांद्यावर करण्यात यावी. आणि ते शक्य नसल्यास मूळ आदेश दोघींच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत स्थगित ठेवावा, ही विनंती. निर्णय शनिवारपूर्वी कळवावा.