दोन हातांची मारक पेशी

मी एक जुनी पेशी आहे. मित्रांनो, माझे वय एकोणीस दिवस आहे आणि आमच्यात याला म्हातारपणच म्हणतात. मला 'नैसर्गिक मारक पेशी' असे नाव आहे. नाव भयंकर आहेच, पण स्वभाव त्याहून अवघड. मला एका जागी क्षणभरही राहवत नाही.

माझा जन्म देआन्नाच्या हाडातल्या मज्जेत झाला. देआन्ना त्रेसष्ट वर्षांची, माहेर बोलोन्याचे, सासर मोदेनाचे. तिच्याकडेच माझे शिक्षण झाले. माझ्या अंगावर दोन प्रकारचे ग्राही रेणू आहेत. आपण त्यांना हात म्हणू. एक हात समोरच्या पेशीवर ओळखपत्र शोधतो आणि ते सापडले की मला मागे खेचतो. दुसरा हात आजाराच्या खुणा चाचपतो आणि त्या लागल्या की मला पुढे ढकलतो. ज्या हाताचा जोर जास्त, तशी मी वागते. दोन्हीकडून सतत ओढाताण असताना स्वस्थ कोण बसेल?

माझ्या खेचणाऱ्या हाताला एकाच छापाचे ओळखपत्र कळते. देआन्नाच्या पेशींवर तो छाप होता, म्हणून मी तयार झाले. माझ्या काही बहिणींना त्यांचा छाप कधी भेटलाच नाही. त्या बिचाऱ्या मंदच राहिल्या.

मी चार दिवसांची असताना देआन्ना बोलोन्याच्या एका दवाखान्यात गेली. मी तेव्हा तिच्या कानाच्या पाळीतून चालले होते, म्हणून सारे ऐकले. तिचा थोरला भाऊ व्हानेस खाटेवर होता. बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक. त्याचा रक्ताचा कर्करोग उलटला होता आणि आणखी कडक औषध त्याच्या हृदयाला सोसणारे नव्हते. आता भावंडांपैकी कोणाच्या तरी मारक पेशी त्याला द्यायच्या, एवढाच मार्ग उरला होता.

धाकटा भाऊ नेरिओ तयारीनिशी आला होता. तो आणि व्हानेस एका साच्यातले. बाजारात लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत.

"तीन आठवडे वाइन बंद केलीय मी," नेरिओ म्हणाला. "बायकोला वाटलं, मीच चाललो!"

डॉक्टर बेर्ताक्की म्हणाल्या, "तुमच्या पेशी नकोत, नेरिओ. देआन्नाच्या घेणार आहोत."

"हिच्या? अहो डॉक्टरबाई, हिचं आमच्याशी काय जुळतंय? हिने नाताळात तोर्तेल्लीनी सायीत घातल्या होत्या. सायीत!"

बोलोन्यात सारणाच्या त्या चिमुकल्या पुड्या सूपातच वाढतात. त्या दिवशी व्हानेस ताटावरून उठला होता आणि तेव्हापासून बहिणीशी बोलला नव्हता.

"सहा वर्षं झाली त्याला," देआन्ना उसळली. "मेलं का कोणी?"

हे बोलून तिने स्वतःच जीभ चावली.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "नेरिओ, सारखेपणाचीच अडचण आहे. तुमच्या पेशींना व्हानेसचं ओळखपत्र पाठ आहे. रोगट पेशीही तेच दाखवते, मग तुमच्या पेशी हात आखडतात. देआन्नाच्या काही पेशी जो छाप शोधतात, तो व्हानेसकडे नाहीच. त्या थांबणार नाहीत."

व्हानेसने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिले. "म्हणजे माझ्याशी भांडणारीच पाहिजे?"

"तसंच."

"मग हिच्याइतकी लायक जगात नाही."

"पुरे, म्हाताऱ्या," देआन्ना म्हणाली आणि रुमाल शोधू लागली. मग हळूच तिने विचारले, "पण डॉक्टरबाई, त्या याच्या चांगल्या पेशींवरही धावल्या तर?"

"धावू नयेत असं आमचं ज्ञान सांगतं. पण लक्ष ठेवू."

मित्रांनो, तो 'पण' माझ्या अंगभर फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी एका यंत्राने देआन्नाचे रक्त ओढून आम्हांला वेगळे केले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही व्हानेसच्या शिरेत उतरलो.

पहिली गाठ पडली रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीशी. मी ओळखपत्र शोधले. नव्हते! पुन्हा शोधले. नव्हतेच! माझ्यातले विषाचे कण त्या बाजूला सरकू लागले. मला खेचणारे कोणी उरले नव्हते. इतक्यात दुसऱ्या हाताने चाचपले. आजाराची एकही खूण नाही. ढकलणारेही कोणी नाही. कण मागे सरकले आणि मी पुढे गेले. असे दिवसातून शेकडो वेळा. दर वेळी तीच धाकधूक.

मग मज्जेत ती रोगट पेशी भेटली. चेहरा व्हानेसचा, अंगावर माझ्या ओळखीचा छाप नाही, आणि दुसऱ्या हाताला खुणांवर खुणा लागत गेल्या. मी घट्ट चिकटले. तिच्या पडद्याला भोके पाडली, विष आत सोडले. ती आक्रसली, तिचे तुकडे झाले. आनंद करायला सवड नव्हती. मी पुढची शोधू लागले. माझ्या वाट्याला चार आल्या. बहिणींनी किती मारल्या, ठाऊक नाही. त्यांतल्या पुष्कळ परतल्या नाहीत.

आज सकाळी व्हानेसच्या कमरेच्या हाडात सुई शिरली आणि तिच्यातून मी काचेवर आले. अंगावर निळा-जांभळा रंग चढला आहे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून कितीतरी वेळ पाहत होत्या. मागे नेरिओ आणि देआन्ना उभे होते.

"रोगट पेशी दिसत नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "आज तरी."

व्हानेस चाकांच्या खुर्चीतून ओरडला, "मग संपलं! पुढच्या महिन्यात सुई नाही."

"बाईंनी 'आज तरी' म्हटलंय, बहिऱ्या!" देआन्ना म्हणाली. "मी स्वतः धरून आणीन तुला."

मित्रांनो, तिचे ऐका. एखादी रोगट पेशी कुठल्या हाडाच्या कोपऱ्यात ओळखपत्र छातीशी धरून बसली असेल, तर मला ते आता कळणार नाही. मी चाचपल्याशिवाय कोणाला मारले नाही आणि आपली दिसते म्हणून कोणाला सोडलेही नाही. बरे वाटू लागले की तपासणी टाळावीशी वाटते, हे मी व्हानेसच्या आवाजात ऐकले आहे. टाळू नका. माझे दोन्ही हात या काचेवर वाळून गेले आहेत. पुढच्या महिन्यात चाचपायचे काम तुमचे आहे.