सतरा-अठरा

दिवस पहिला
*विमानतळावर हार्दिक स्वागत. आरामदायी बसने डोंगराकडे प्रस्थान. वाटेत विहंगम दृश्ये.*

खिडकी उघडत नव्हती. तिने दोनदा खटका शोधला, मग काचेच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. काच अखंड होती. दृश्यं विहंगम होती यात शंका नाही, पण बरणीच्या आतून बाहेर बघावं तशी दिसत होती.

बसायची रचना अशी:

खिडकी. ती. नवरा. वाट.

म्हणजे उठायचं तर आधी नवऱ्याचे गुडघे. गुडघे दुखरे होते आणि ते हलवायला सबळ कारण लागे. दोघांचे पासपोर्ट, दोघांची परतीची तिकिटं, दोघांचे फोन, सगळं नवऱ्याच्या पोटावर बांधलेल्या पाउचमध्ये. "तुझ्याकडे दिलं की तू हरवणार," तो म्हणाला होता. एकतीस वर्षांच्या संसारात तिने एक छत्री हरवली होती. ती छत्री अजून चर्चेत होती.

गाइड पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी घातलेला. त्यामुळे तासाभरात बसने त्याचं नाव शिट्टी ठेवलं. शिट्टीला बस लागायची. बावीस वर्षं डोंगरातल्या सहली नेत होता, पण वळणावर मान मागे केली की त्याच्या पोटात ढवळून येई. म्हणून तो पुढच्या सीटवर काचेकडे तोंड करून बसे आणि माणसं डोळ्यांनी मोजायच्या ऐवजी कानांनी मोजे. प्रत्येकाला सीटचा नंबर. शिट्टी तीनदा वाजली की सगळ्यांनी बसमध्ये, आणि मग माईकवर, "चला मंडळी, हजेरी."

"पंधरा."

"सोळा." ही समोरच्या बाजूची बाई. शाळेतून निवृत्त झालेली, त्यामुळे सगळे तिला बाईच म्हणत.

"सतरा-अठरा."

"एकोणीस."

सतरा-अठरा नवरा बोलला. एका दमात. ती तोंड उघडत होती तोवर एकोणीसही होऊन गेला. नवऱ्याने कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म घालवला होता. नट आणि बोल्ट एकत्रच मोजायचे, वेगवेगळे मोजणारा बावळट, असं त्याचं मत होतं.

दिवस दुसरा
*द्राक्षमळ्यांतून फेरफटका. तळघराची भेट. तीन प्रकारच्या वाइनची चव.*

तळघरात थंडी होती आणि टेबलावर एक पत्र्याची बादली होती. मळ्याचा माणूस म्हणाला, चव घ्यायची आणि इथे थुंकायचं.

"थुंकायला आलोय होय एवढ्या लांब?" नवरा म्हणाला. सगळे हसले. मग तो तिच्या पुढ्यातला ग्लास आपल्याकडे ओढत म्हणाला, "हिला नाही चालत."

चालतं की नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचं तिलाही माहीत नव्हतं. तिने कधी जिभेला लावली नव्हती. तीन चवी, दोघांच्या मिळून सहा ग्लास. बसमध्ये नवऱ्याने सीट मागे टाकली, डोळे मिटले, आणि हजेरीला सोळा झाल्याबरोबर झोपेतच म्हणाला, "सतरा-अठरा."

बाईंनी पलीकडून तिच्याकडे बघितलं. "तुमचं आकाशवाणी केंद्र झोपेतही चालू असतं," त्या म्हणाल्या.

दिवस तिसरा

वळणं. सत्तेचाळीस. तिने मोजली, दुसरं करायला काही नव्हतं.

दिवस चौथा
*पत्रकात बदल होऊ शकतो.*

सहल तिने निवडली होती. पत्रकं टेबलावर पसरली होती, समुद्र, वाळवंट, राजवाडे, आणि तिने या पत्रकावर बोट ठेवलं. "हे बघा, डोंगर पण आहेत, द्राक्षं पण." नवऱ्याला अप्रूप वाटलं. पुढे महिनाभर तो ज्याला त्याला सांगत सुटला, हिची निवड, हिची निवड.

पाचव्या दिवसाच्या खाली एका लहान गावाचं नाव बारीक अक्षरात छापलं होतं: दुपारी अडीच, चाळीस मिनिटं विश्रांती. त्या गावात तिची धाकटी बहीण राहत होती. बाटल्यांवर लेबलं लावायच्या कारखान्यात होती.

धाकटीचं लग्न नवऱ्यानेच त्याच्या मावसभावाशी जमवलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी धाकटी ते घर सोडून निघाली आणि नवऱ्याच्या मते तिने भर बाजारात त्याचं नाक कापलं. त्या दिवसापासून घरात तिचा विषय बंद. पत्र आलं तर परत, फोन आला तर रॉंग नंबर.

धाकटीचा नंबर शेजारणीच्या पत्त्यावर आला होता, तिच्याच फोनवरून दोघींचं ठरलं. पाचवा दिवस, अडीच, कारंज्यापाशी. धाकटीची पाळी अडीचलाच सुटते. चाळीस मिनिटं मिळतील. "पुरेत?" धाकटीने विचारलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. शेजारीण कुकरकडे बघत उभी होती, जास्त बोलता आलं नाही.

दिवस पाचवा
*सकाळी जलप्रपात. दुपारी अडीच, विश्रांती. मग घाटापलीकडच्या तळघराची भेट.*

जलप्रपाताकडे जाणारा रस्ता दरड कोसळून बंद होता. शिट्टीने ही बातमी लॉटरी लागल्याच्या आवाजात दिली. "मंडळी, धबधबा नाही, पण त्याबदली दुपारच्या जेवणासोबत आणखी एक वाइन, आणि आपण वेळेच्या चाळीस मिनिटं पुढे आहोत."

तिने मनात हिशेब केला. बस गावात पावणेदोनला... नाही, एक पन्नासला पोचणार. अडीचला निघणार. धाकटी अडीचला सुटणार.

"अहो," ती म्हणाली, "त्या गावात जरा जास्त वेळ थांबायला सांगा ना."

"कशाला?"

"पाय आखडलेत."

"माझ्या गुडघ्यांचं काय झालंय ते विचार. तिथे आहे काय? एक कारंजं. बसमध्येच बसू."

गाव आलं. बस बाजाराच्या इमारतीपुढे लागली. माणसं उतरली. नवरा दोन ग्लास पोटात घालून झोपला होता, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. तिने साडी गोळा केली, एक पाय गुडघ्यांवरून पलीकडे टाकला, दुसरा टाकताना पिशवी अडकली.

"कुठे?" डोळे न उघडता.

"इथेच. पाय मोकळे करून येते."

"लांब जाऊ नको."

कारंजं बाजाराच्या मागच्या चौकात होतं. आटलेलं. त्यात कुणीतरी कुंड्या ठेवल्या होत्या. तिथून बस दिसत नव्हती. ती काठावर बसली. समोरच्या घड्याळात दोन झाले. दोन दहा. कारखाना कुठे ते तिला माहीत नव्हतं आणि विचारायला तिथली भाषा नव्हती. एक बाई जिना पुसत होती. एक कुत्रा आला, तिला हुंगलं, गेला. दोन वीस.

दोन अठ्ठावीसला शिट्टी वाजली.

ती उठली. सवय होती, पाय आपोआप निघाले. चार पावलं गेली आणि दुसरी शिट्टी झाली. आता बस गच्च भरत असेल. बाई बॅग वर ठेवत असतील. शिट्टी काचेकडे तोंड करून बसला असेल. ती आत असली काय, नसली काय, सोळानंतर काय होणार हे तिला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं.

तिसरी शिट्टी.

ती परत कारंज्याच्या काठावर जाऊन बसली.

तेरा.
चौदा.
पंधरा.
सोळा.

बस सुरू झाल्याचा आवाज आला. मग गिअर बदलल्याचा. मग घाट लागल्याचा. गावावरच्या डोंगरात रस्ता पाच वेळा वळत होता, ते चौकातून दिसे. बस पहिल्या वळणावर दिसली. तिसऱ्या खिडकीला तिची निळी शाल टांगलेली होती, उन्हासाठी. दुसरं वळण. आता उठेल. तिसरं. बाजूला हात घालेल. चौथ्या वळणाला तिला स्वतःचाच राग आला, कारण ती वाट बघत होती, थांबते का. पाचव्या वळणाला शाल डोंगराआड गेली.

"ताई."

धाकटी सायकल धरून उभी होती. हातात रबरी मोजे. केस पांढरे झाले होते, डाय लावायच्या भानगडीत पडली नव्हती.

"तुमची बस?" धाकटीने विचारलं.

"गेली."

"आणि तू?"

"मी गेले म्हणून सांगितलंय त्यांनी."

धाकटीला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाली बसून हसली, सायकल पडली तरी उचलेना.

धाकटीची खोली गोदामावर होती. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले मोजे. खिडकी उघडी होती. ताईने ती आधी बंद केली आणि पुन्हा उघडली, नुसतीच, खटका चालतो का बघायला.

धाकटीने बिनलेबलाच्या बाटलीतून दोन कपात वाइन ओतली. "घे."

ताईने घोट घेतला. "आंबट आहे."

"असतेच."

"मग ही माणसं एवढी वाखाणतात काय?"

"लेबल वाचून. लेबल मी लावते, मला विचार."

इकडचं तिकडचं झालं. कोण गेलं, कोणाच्या मुलीचं झालं, आईची पितळी परात कोणाकडे आहे. मग धाकटी बोटांवरचा वाळलेला डिंक सोलत म्हणाली, "तू मला 'थांबा' म्हणालीस. अहोजाहो करून."

ताईला लगेच कळलं. ती तेव्हा नवऱ्याच्याच कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. एकोणीस वर्षांपूर्वी भर दुपारी बोर्डावर बाहेरचा फोन आला: ताई, मी घर सोडलंय, स्टँडवर आहे, तुझ्याकडे येऊ का? आणि त्याच वेळी नवरा स्टोअरची चिठ्ठी घेऊन खिडकीत उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत. ती म्हणाली, "लाइनवर थांबा." बोर्डावर बसून एक गोष्ट तिला पक्की कळली होती: थांबा म्हटलं की माणूस थांबतो. लाइन धरून, श्वास ऐकू येईल इतका गप्प. मिनिटभर, दोन मिनिटं. नवरा खिडकीतून हलेना. तिने वायर काढली नाही आणि पुन्हा बोललीही नाही. थोड्या वेळाने बोर्डावरचा त्या लाइनचा दिवा आपोआप विझला.

"किती वेळ थांबलीस?" तिने विचारलं.

"नाणी संपेपर्यंत. आणखी सुटे आणले, पुन्हा लावला. तेव्हा दुसरीने उचलला."

"मी संडासात होते," ताई म्हणाली. "रडायला दुसरी जागा नव्हती तिथे."

धाकटीने बाटली उचलली. कप पुन्हा भरला.

"राहा," ती म्हणाली. "खाट एकच आहे, पण तू कुठे मोठी आहेस."

"पासपोर्ट त्यांच्या पोटावर आहे."

"पासपोर्ट मागून आणता येतो."

"औषधं आहेत बॅगेत. आणि घरी नळाचा माणूस येणारे सोमवारी." हे बोलताना तिचं तिलाच ते ऐकू आलं. सतराशे साठ कारणं होती, आणि एकही कामाचं नव्हतं. "आणि तिथे मी नसले तर त्यांना..." पुढचं वाक्य तिला सापडेना. पाचव्या वळणानंतर ते वाक्य पूर्ण करणं अवघडच होतं.

सव्वाचारला खालून, बाजाराच्या बाजूने, हॉर्न वाजला. लांब, वैतागलेला.

घाटापलीकडच्या तळघरात काय झालं ते तिला नंतर बाईंनी सांगितलं. टेबलावर ग्लास आले. नवऱ्याने आपला संपवला आणि सवयीने डावीकडे हात नेला. दुसरा ग्लास नव्हता. मळ्याचा माणूस माणसं बघून ग्लास ठेवायचा. नवरा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने म्हणाला, "हिचा कुठाय?" आधी सगळ्यांना वाटलं, ग्लासबद्दल विचारतोय.

"पण तुम्ही तर शेजारीच होतात," तिने बाईंना विचारलं. "सीट रिकामी दिसली नाही?"

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," बाई म्हणाल्या. चष्मा नाकावर होता.

पण ते नंतर. आत्ता नवरा बसच्या दारात उभा होता, पाउच दोन्ही हातांनी धरून. "कुठे होतीस? सगळ्या बसचा खोळंबा." मग त्याला सायकल दिसली आणि सायकलच्या मागची बाई दिसली. स्टोअरच्या यादीत नसलेली वस्तू फळीवर निघावी तसा तो बघत राहिला.

"बरे आहात ना?" धाकटीने विचारलं.

"चला, चला," तो म्हणाला. कोणाला, ते कळलं नाही.

ताई चढली. का चढली असं विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. तीस माणसं बघत होती, इंजिन सुरू होतं, आणि पाउच आधीच आत गेलं होतं. धाकटी खालून म्हणाली, "बस हलल्याशिवाय मी हलत नाही. जा."

गुडघे. खिडकी. निळी शाल. काच.

शिट्टी पार घाबरला होता. तरीही मागे वळला नाही. "मंडळी, आजपासून नियम. ज्याने त्याने आपापला नंबर बोलायचा. दुसऱ्याचा बोलायचा नाही, नवरा असो, बायको असो. सगळे बत्तीस नंबर आल्याशिवाय गाडी हलणार नाही. हजेरी."

एक. दोन. तीन. आवाज मागे मागे येत गेले.

"पंधरा."

"सोळा," बाई म्हणाल्या, स्पष्ट.

नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बाहेर, दिव्याच्या खांबापाशी, धाकटी सायकल धरून उभी होती. तिची दुसरी पाळी साडेचारला होती. तरी हलत नव्हती. काचेवर नाव काढता येईल इतक्या जवळ, आणि काचेतून आवाज जात नव्हता.

"सतरा?" माईकमध्ये शिट्टी म्हणाला.

बसमध्ये सगळे गप्प झाले. लाइन धरल्यासारखे, श्वास ऐकू येईल इतके. ड्रायव्हरने गिअरवरचा हात काढला.

"अगं," नवरा हळूच म्हणाला, "बोल की."

तिने काचेला कपाळ टेकवलं. खाली धाकटीने भुवया उंचावल्या, काय झालं, म्हणून. तिने तळहात काचेवर ठेवला. थांब.

"सतरा," शिट्टी पुन्हा म्हणाला. "सतरा आहेत का?"

धाकटी थांबली होती.