वरूडच्या बागेतली हिरवी रेघ

मी ऑसिलोस्कोप बोलतोय. नावाला बिचकू नका. अमरावतीच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या कित्येक पोरांची जीभ त्या नावावर अडखळायची, म्हणून सगळे मला सीआरओ म्हणतात. दिसायला मी जुन्या छोट्या टीव्हीसारखा. तोंडावर बटणंच बटणं आणि पडद्यावर एक हिरवी रेघ. आवाज असो, कंप असो, तो विजेत बदलून माझ्यापर्यंत आणा, मी त्याचं चित्र काढून दाखवतो. एवढंच माझं काम, आणि मला ते फार आवडतं.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यातला. थर्माकोलमध्ये बसून, ट्रकमध्ये हादरे खात मी अमरावतीला आलो. लॅबचे अटेंडंट केशवराव यांनी मला उतरवून घेतलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीजवळची जागा दिली. पहिल्याच खंडेनवमीला त्यांनी माझी पूजा केली आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं पडद्यावरच टेकवलं. तो ठिपका पडद्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत मुरला तो कायमचा. एका नव्या प्राध्यापकांनी तर बिघाड समजून दुरुस्तीवाल्याला फोन केला होता. केशवराव म्हणाले, "सर, थो बिघाड नाई, आशीर्वाद हाय."

विद्यार्थ्यांचं मात्र काय सांगू! येताजाता माझी सगळी बटणं फिरवायची, रेघ हरवली की माझ्याच डोक्यावर थाप मारायची. काही जण तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून लाटा उतरवत. बंद पडलेल्या माझ्यासमोर बसून सुबक लाटा काढणारे कलावंत मी पाहिले आहेत! राग यायचा, पण पोरं गोड होती.

पुढे डिजिटल स्कोप आला. सडपातळ, रंगीत, स्वतःच मोजमाप सांगणारा. माझी खिडकी त्याला मिळाली आणि मी कपाटावर चढलो. वर धूळ फार. तिथे बसून मी लोकांच्या टकलांचा अभ्यास केला. दुसरं काय करणार?

मला खाली उतरवलं ते अफसानाने.

अफसाना बार्शीटाकळीची. आमच्याच कॉलेजात शिकवत होती आणि पीएचडीही करत होती. विषय ऐकून लोक हसायचे. संत्र्याच्या खोडात अळी शिरते आणि आतून लाकूड पोखरत जाते. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. अफसानाचं म्हणणं असं, की अळी कुरतडते म्हणजे आवाज होणारच. खोडाला एक चिमुकली चकती चिकटवायची, तो आवाज पकडायचा, गोंगाट चाळून टाकायचा आणि अळीला तिच्या खाण्यावरून ओळखायचं. वडील अब्दुल गफ्फार फोनवर विचारायचे, "बेटा, लोग गाना सुनते हैं, तू कीडे को क्या सुनती?" पण भेटेल त्याला अभिमानाने सांगायचे तेच.

डिजिटल स्कोप लॅबबाहेर न्यायला परवानगी नव्हती. मला कोणी अडवणार नव्हतं. अशी माझी वर्णी लागली.

साल दोन हजार सहा-सात असेल. वऱ्हाडातून तेव्हा वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्या वाचवत नसत. वरूडकडे पाणी खोल गेलं होतं आणि माणसं हाताने वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवत होती. रोगी झाडाबरोबर चांगलंही जायचं, कारण कोणतं कसं हे ओळखणार कोण? अफसानाला ते बघवत नसे. म्हणूनच तिने हा विषय धरला होता.

वरूडला सूर्यभानकाका आणि कौशल्याकाकूंच्या बागेत आमचा तळ पडला. आणि तिथे एक गंमत झाली. सगळा वऱ्हाड लोडशेडिंगला शिव्या घालत असताना अफसाना लाईन जायची वाट बघत बसायची! कारण लाईन आली, की शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. प्रत्येकाने ऑटो स्विच बसवलेला, म्हणजे मालक घरी झोपलेला असला तरी मोटर आपोआप चालू. मग तारांतली गुणगुण आणि मातीतली थरथर एकदमच माझ्यावर चाल करून यायची. अफसानाचं फिल्टर एका सुरातली गुणगुण चाळू शकत होतं, इथे तर आठवडी बाजार भरायचा. अळीचा आवाज त्यात कुठल्या कुठे! लाईन गेली, की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आणि इन्व्हर्टरवर मी शांतपणे चालायचो, आणि माझ्या सरळ रेघेवर बारीक बारीक टोकं उगवायची. कुर्र. कुर्र. अफसाना टाळ्या वाजवायची.

शेवटी चाचणीचा दिवस ठरला. तिचे गाईड गावंडे सर आणि बाहेरगावचे एक परीक्षक बागेत येणार होते. बागेत जमलं तरच प्रबंध पुढे जाणार होता, नाहीतर विषय बदला, असं तिला स्पष्ट सांगितलेलं. मुदतवाढ संपत आली होती. अफसानाने दुपारची वेळ निवडली, कारण दुपारी लाईन हमखास जायची.

पाहुणे आले. चहा झाला. दुपार झाली. लाईन काही जाईना. चकती लावली, मला चालू केलं, आणि पडद्यावर नुसता दंगा. गावंडे सर घड्याळ बघू लागले. परीक्षक म्हणाले, "यात अळी कुठली शोधायची?"

अफसानाने घाबरून विचारलं, "काका, आज लाईन गेली कशी नाही?"

सूर्यभानकाकांचा चेहरा फुलला. "जाईन कशी? नत्थुजीले सांगून ठेवलं ना म्या! एवढे मोठे पाव्हने येऊन राह्यले अन् आपल्या घरची लाईन जाईन? काय इज्जत राह्यते मंग?"

बिचाऱ्याने पाहुणचार केला होता! लाईनमन नत्थुजींनी वरपर्यंत ओळख लावून, खास मेहनतीने दिवसभराची लाईन मिळवली होती.

"काका, लाईन घालवा हो!" अफसाना रडकुंडीला आली.

नत्थुजी तिथेच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, नोकरी लागल्यापासून लोकं मले लाईन द्या म्हंतेत. घालवा म्हननाऱ्या तुमीच पयल्या. पन आता कशी घालवू? सारे जन वलीत करून राह्यले, बागेले पानी देऊन राह्यले. बंद केली तं मलेच हिरीत टाकतीन."

आता एकच उपाय होता. ज्याची त्याने आपली मोटर बंद करायची. पण इतक्या दिवसांनी भरदुपारी मिळालेली लाईन कोण सोडणार? मला तर आशा नव्हती.

कौशल्याकाकूंनी पदर खोचला आणि बांधावर उभं राहून हाक दिली. काय तो आवाज! "ओ शालिकराम भाऊ! मोटर बंद करा जराशी! पोरीची परीक्षा हाय!"

पलीकडून उत्तर आलं, "कोनाच्या पोरीची?"

"आपल्या!"

मग माझ्या पडद्यावरचा दंगा किंचित बारीक झाला. शालिकरामची मोटर बंद झाली होती. हाक बांधावरून बांधावर गेली. आणखी एक मोटर थांबली, मग आणखी एक. कोण बंद करतंय ते मला दिसत नव्हतं, पण माझी रेघ दर वेळी थोडी थोडी शांत होत गेली. आयुष्यभर मी सिग्नल पाहिले, पण इतका सुंदर सिग्नल पाहिला नाही. मला डोळे असते तर ते भरून आले असते.

एक मोटर तेवढी अडून राहिली. शेजारच्या खुशालरावांची. थोड्या वेळाने ते स्वतःच आले, मिशा पुसत, खांद्यावर कुऱ्हाड.

"मी काहून बंद करू?" ते म्हणाले. "माह्या बांधावरचं झाड पिवयं पडलं. उद्या तोडतो म्हनत होतो. माह्या झाडाचंही ऐकत असान, तं करतो बंद."

"ऐकते ना, काका," अफसाना म्हणाली.

खुशालराव गेले, आणि माझी रेघ पाटीवर ओढल्यासारखी सरळ झाली. मग कुंकवाच्या ठिपक्याच्या उजवीकडे एक टोक उगवलं. पुन्हा एक. कुर्र. कुर्र. अफसानाने खोडावर जागा दाखवली, सूर्यभानकाकांनी विळ्याने साल सोलली, आणि आत अळीताई ऐटीत बसलेल्या! गावंडे सर चक्क ओरडले.

परीक्षक मात्र पक्के होते. "आहे तिथे सापडली. पण जिथे नाही, तिथे यंत्र गप्प राहील का?"

लवाजमा खुशालरावांच्या झाडाकडे निघाला. चकती लावली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी सरळ रेघ काढत राहिलो. एकही टोक नाही.

"अळी नाही, काका," अफसाना म्हणाली. "मुळाशी पाण्याचं, खताचं काही बिघडलं असेल. झाड तोडू नका."

"हे खरं कशावरून?" परीक्षकांनी विचारलं. "कुऱ्हाड आहेच. फोडून बघू या."

खुशालरावांनी कुऱ्हाड पाठीमागे घेतली. "आता कोन तोडते? पोरगी नाई म्हंते ना? मंग नाई. आंबिया बहार येऊ द्या, तवा पाहू."

परीक्षक मोठ्याने हसले. "गावंडे, प्रबंध तर माझ्याआधी यांनीच मंजूर केला!" जाताना ते अफसानाला म्हणाले, "लिहायला घ्या."

कौशल्याकाकूंनी अफसानाला जवळ ओढलं आणि त्या दोघी रडल्या. नत्थुजींनी मात्र सगळ्यांना ओरडून सांगितलं, "करा रे बावा मोटरी चालू! लाईन अजून हाय!" आणि मी पुन्हा दंग्यात बुडून गेलो.

आता अफसाना डॉक्टर आहे. तिचे विद्यार्थी खिशात मावणारं यंत्र घेऊन बागांत फिरतात. मी तिच्या केबिनमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर असतो. मला तापायला वेळ लागतो, एक बटण तुटलं आहे. भंगाराच्या यादीत माझं नाव अधूनमधून येतं आणि ती ते खोडते. बाबांनो, ती निवृत्त झाली तरी मला एवढ्यात विकू नका. अजून रेघ येते मला.

आणि मला एका माणसाची वाट बघायची असते. त्या झाडाला बहार आला होता. तेव्हापासून दर हंगामात खुशालराव त्याच झाडाची संत्री पिशवीत घालून येतात, आणि एक माझ्या डोक्यावर ठेवतात. आता ते फार थकलेत. यंदा आले तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधी भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच पंख्याचं बटण बंद केलं.

"पयले गोंगाट बंद, मंग आयकनं," ते अफसानाला म्हणाले. मग ती जुनी चकती मागून घेतली आणि सदरा वर करून छातीला लावली. "पाह्य बरं पोरी, माह्यात अळी-गिळी तं नाई?"

अफसानाने चकतीची तार मला जोडली, मला चालू केलं आणि मी तापेपर्यंत थांबली. माझ्या पडद्यावर एक टोक उगवलं, कुंकवाच्या ठिपक्यावरून पुढे गेलं, आणि मागोमाग दुसरं आलं.

"अळी नाही, काका," अफसाना म्हणाली. "झाड उभं आहे."