कूलरचे सागवानी पाय

करोना ओसरला आणि गणपतराव लांजेवारांच्या गुंजनचं लग्न एकदाचं पार पडलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी आली, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. चैत्र सरत आला होता आणि अंगणातल्या नळाला दुपारी हात लावायची सोय राहिली नव्हती.

गणपतराव एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर तिकिटं फाडली, घंटीची दोरी ओढली, पण हातात कधी करवत धरली नव्हती. रिटायर झाल्यावर माणूस देवळाच्या पारावर जाऊन बसतो, नाहीतर नातवंडं खेळवतो. हे सुतारकामाला लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची हौस. हौस कसली, भीती होती ती.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांच्याच ओळीतल्या रुपरावांची धाकटी सून कूलरमध्ये पाणी भरता भरता करंट लागून चिकटली. नागपुरात उन्हाळा लागला की अशी बातमी कुठून ना कुठून कानावर येतेच, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. गणपतराव दुधाची पिशवी घेऊन समोरून चालले होते. बाई ओरडली नाही, पडली नाही. कूलरच्या पत्र्यावर हात ठेवून नुसती उभी होती, काही आठवत असल्यासारखी. तिची मान थरथरत होती तेवढंच. मग रुपराव कपडे धोपटायची मोगरी घेऊन धावत आले, तिच्या मनगटावर हाणली, तेव्हा हात सुटला. बाई वाचली नाही. पण गणपतरावांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. मोगरी लाकडाची होती, म्हणून रुपरावांना काही झालं नाही.

तेव्हापासून त्यांना घरातलं लोखंड दिसू लागलं. लोखंडी पलंग, लोखंडी खुर्च्या, पाण्याच्या मोटारीजवळचं लोखंडी स्टूल. जिकडे पाहावं तिकडे करंट दबा धरून बसल्यासारखा. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान विकणाऱ्याकडून त्यांनी चौकटी आणल्या, महाल भागातल्या बाजारातून रंधा आणि पटाशी आणली, मोबाइलवर व्हिडिओ पाहत कामाला बसले. पहिली खुर्ची डुलायची. कौशल्याबाईंनी तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि पाहुण्यांना तिच्यावर बसू देईनात. दुसरी बरी झाली. मग स्टूल झालं, मांडणी झाली, आणि गुंजन येणार म्हणून रुंद दिवाण झाला. त्याच्या कडा गणपतरावांनी इतक्या घासल्या की बोट फिरवलं तर रेशमावरून फिरवल्यासारखं वाटावं.

"काय गा गणपतराव," शेजारचे भैय्याजी फाटकावर रेलून म्हणाले, "घरातलं सारं लोखंड काढलं म्हन्ते. आता वहिनीले बी सागवानाची करतं का?"

"करू द्या न!" कौशल्याबाई आतून ओरडल्या. "लाकडाची झाली तं सयपाक तरी नाही करा लागन मले."

गणपतराव हसले, पण नजर खिडकीकडे गेली. खिडकीबाहेर कूलर होता. पत्र्याचा, मोठा, गुंजनच्या दहावीच्या वर्षी घेतलेला. तो लोखंडी स्टँडवर उभा होता आणि स्टँडचे पाय त्यांनी स्वतःच हातभर मातीत गाडले होते. कूलरचं पाणी ठिबकून तिथली माती सदा ओली राहायची. तिथं पुदिना फोफावला होता. घरातलं एवढं एकच लोखंड उरलं होतं, आणि त्याच्याच वाऱ्यात गुंजन झोपणार होती.

त्यांनी सागवानाचा स्टँड केला. चार जाड पाय, मध्ये आडव्या पट्ट्या, खाचा पाडून बसवलेल्या, खिळा एकही नाही. दोनदा तेलाचा रंग दिला. वाळवी लागू नये म्हणून प्रत्येक पाय फरशीच्या तुकड्यावर ठेवला आणि वर रबराची चकती. भैय्याजींना हाताशी घेऊन कूलर उचलला, लाकडावर ठेवला, जुना स्टँड उपटून गच्चीवर टाकला.

"आता करंट खाली उतरूच शकत नाही," गणपतराव हात झटकत म्हणाले. त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या सकाळी सवयीनं खिशातला टेस्टर काढून त्यांनी कूलरच्या पत्र्याला लावला. वर्षभर ते रोज लावत आले होते आणि रोज टेस्टर विझलेलाच राहायचा. आज त्यात लाल ठिणगी दिसली. बारीक, पण दिसली.

टेस्टर बिघडला असेल म्हणून ते दुसरा घेऊन आले. त्यातही तीच ठिणगी. त्यांनी लाकडाला लावून पाहिला. लाकडात काही नव्हतं. पत्र्याला लावला, लाल. मग त्यांनी प्लग काढला आणि ओट्यावर बसून राहिले. कळेना काही. सारं लोखंड काढल्यावर हे आलं कुठून?

कुणाला विचारावं, तर घरात विचारता येत नव्हतं. स्टँड होत असतानाच गुंजन येऊन पोचली होती, आणि त्याच दिवशी कौशल्याबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात ओढून बजावलं होतं. "अवो, पोरगी दिवसात हाये. तिच्यापुढं करंट, चिकटलं, मेलं असं काही बोलाचं नाही. पोटातल्या लेकराले आयकू जाते. माह्या आईनं मले नऊ महिने सापाचं नाव आयकू नाही देल्लं."

"बरं वं."

"बरं नाही. शपथ घ्या."

त्यांनी शपथ घेतली होती. आणि गर्भारणीला भ्यायची गोष्ट सांगू नये हे त्यांनाही मान्यच होतं. गुंजन सासरी खाप्याला एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण तिच्यापुढंच तर तोंड बंद ठेवायचं होतं. आणि कौशल्याबाईंना सांगावं, तर त्यांना गेलं वर्षभर हेच ऐकून ऐकून वीट आला होता. ओल्या हातानं बटन नको, चप्पल घाल, तिकडून नको, इकडून जा. त्या नुसत्या हो म्हणायच्या.

प्लग काढून ठेवला तर घर तापायचं. गुंजनचे पाय सुजायचे, जीव घाबरा व्हायचा. "पोरीले भाजून मारता का?" कौशल्याबाई म्हणायच्या आणि प्लग लावायच्या. मग गणपतराव कूलरजवळ खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे. पाणी तेच भरायचे, प्लग काढून, रबरी चप्पल घालून. पत्र्यातून वाऱ्याची घरघर यायची आणि त्यांना वाटायचं, आत कुणीतरी श्वास घेतंय. कुत्रं जवळून गेलं तरी ते दचकून उठायचे. जेवताना घास हातात धरून खिडकीकडे पाहायचे.

"बाबा, तुम्ही काहून असे बसून राहता तिथं?" गुंजननं विचारलं.

"हवा लागते बाई."

"मागून? कूलरच्या मागून हवा लागते?" ती हसली. "आई, बाबांना खरंच ऊन लागलं वाटते."

वायरमन श्रीधर ओळखीचा होता, महालात त्याचं दुकान होतं. पण उन्हाळ्यात नागपुरात वायरमन सापडणं अवघड. साऱ्या शहराचे कूलर एकदमच बिघडतात. "उद्या येतो काका," तो फोनवर म्हणायचा. उद्या यायचा, श्रीधर यायचा नाही.

शेवटी वैशाखात एका दुपारी गणपतरावांनी ठरवलं, स्कूटरवर बसवूनच आणायचं त्याला. निघताना प्लग काढला. गुंजन दिवाणावर बसून आंब्याची कोय चोखत होती, कौशल्याबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या.

"प्लग काढला आहे. मी येईपर्यंत लावू नको," ते म्हणाले.

"काहून?"

गणपतरावांनी गुंजनकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून रस ओघळला होता आणि ती लहान होती तेव्हा जशी पुसायची तशीच मनगटानं पुसत होती. ओठावर आलेलं त्यांनी गिळलं.

"असंच. आल्यावर साफ करतो. कचरा लय झाला त्यात."

"आता भर उन्हात साफ करता?"

"आल्यावर," ते म्हणाले आणि निघाले.

श्रीधर दुकानात नव्हता. जवळच काम आहे, येतोच म्हणाला, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. गणपतराव सावलीत उभे राहिले. गल्लीत कुणी नव्हतं, शटरं अर्धी ओढलेली. बराच वेळ गेला तसा त्यांना चैन पडेना. त्यांनी घरी फोन लावला.

"हो, बोला," कौशल्याबाई म्हणाल्या. आणि त्यांच्या आवाजामागे गणपतरावांना घरघर ऐकू आली.

"कूलर लावला का तू?"

"मंग? पोरगी घामानं निथळून राहिली. आता कुठं डोळा लागला तिचा. साफ करा न आल्यावर, कोण नाही म्हन्ते?"

"कौशल्ये, आयक. बंद कर. हात नको लावू त्याले. प्लग काढ फक्त. त्यात करंट..."

"झालं का सुरू?" त्यांनी आवाज खाली घेतला, पण राग त्यात होताच. "शपथ घेतली होती न? बाजूलेच झोपली हाये ते. ठेवा फोन."

फोन बंद झाला.

त्यांनी पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गुंजनचा लावला, तो बंद होता. तेवढ्यात श्रीधर पिशवी खांद्याला लावून आला. गणपतरावांनी त्याला काही सांगितलं नाही, दंडाला धरून मागच्या सीटवर बसवलं.

त्या रस्त्यानं त्यांनी आयुष्यात हजारदा ये-जा केली असेल. त्या दुपारी तो सरेना. गरम वारा तोंडावर यायचा आणि डोळे कोरडे पडायचे. त्यांना सारखी गुंजनच दिसत होती. गुंजन उठली असेल. कूलर कोरडी हवा फेकतोय म्हणून अनवाणीच बाहेर गेली असेल. पोट सावरत एक हात पत्र्यावर टेकवला असेल. ते तिच्या हातापर्यंत यायचे आणि पुढचं मनात येऊ नये म्हणून मोठ्यानं हॉर्न वाजवायचे. समोर कुणी नसलं तरी वाजवायचे.

"काका, हळू," श्रीधर मागून म्हणाला.

"दोन जीव हायेत घरी," गणपतराव म्हणाले. त्यांना दोनच जीव आठवत होते.

घर आलं. स्कूटर त्यांनी फाटकाला टेकवली की पाडली, त्यांना कळलं नाही. दारात गुंजन उभी होती. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, डोळे चोळत. उभी होती, आपल्या पायांवर. गणपतराव पायरीवर मटकन बसले आणि हसू लागले.

"काय झालं बाबा? हसता काय?" ती म्हणाली. "आणि आई कुठं आहे? मला वाटलं तुमच्यासोबत गेली."

तेव्हा त्यांना पायाखाली ओलं लागलं. पाणी घराच्या कडेनं वाहत येत होतं, फाटकापर्यंत आलं होतं.

"तू आत थांब," ते म्हणाले. "गुंजन, बाहेर पाय टाकायचा नाही. शपथ हाये तुले." त्यांनी आत धावत जाऊन प्लग उपटला आणि मगच मागे गेले. श्रीधर त्यांच्या आधी पोचला होता. तो त्यांच्याकडे न पाहता पाइप उचलून नळ बंद करू लागला. कौशल्याबाई पुदिन्यात पडल्या होत्या. चपला त्यांनी ओट्यावर काढून ठेवल्या होत्या, नव्या होत्या, चिखलात भरू नयेत म्हणून.

गुंजनला ज्येष्ठात मुलगी झाली. आई बाळ दोघी सुखरूप. जावई रोहित तिला खाप्याला न्यायला आला, त्याच्या आदल्या दिवशी गणपतराव तिच्या दिवाणाजवळ येऊन बसले. बाळ झोपलं होतं. बराच वेळ ते दिवाणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"लाकडातून करंट जात नाही न, गुंजन?"

"नाही जात, बाबा."

"मग?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "नका विचारू."

"सांग."

"कूलरच्या आत वायर फुटली होती. किती वर्षं कोण जाणे. जुन्या स्टँडचे पाय ओल्या मातीत होते, तेव्हा तो करंट पायांवाटे जमिनीत उतरून जायचा. आपल्याला कळायचंही नाही. लाकडावर ठेवल्यावर त्याला खाली जायला वाट राहिली नाही. तो पत्र्यातच राहिला. ओल्या जमिनीवर उभं राहून कुणी हात लावला, की तो त्या माणसातून जाणार."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुले हे ठाऊक होतं?"

"मुलांना शिकवते मी हे. पण टेस्टर लागला हे तुम्ही मला सांगितलंच नाही."

"तुले भेव वाटलं असतं," गणपतराव म्हणाले.

गुंजननं त्यांचा हात दिवाणाच्या कडेवरून उचलून आपल्या हातात घेतला. बाळ झोपेत दचकलं, तसं गणपतरावांनी घाबरून आधी खिडकीकडे पाहिलं. तिथं कूलर नव्हता, स्टँडही नव्हता, पण ते पाहतच राहिले.

कौशल्याबाई गणपतराव लांजेवार २०२३ सालच्या मे महिन्यात, सोळा तारखेला, मंगळवारी दुपारी, स्वतःच्या घराच्या अंगणात विजेचा धक्का बसून वारल्या.